दार उघडे होते असे मानण्यात येईल

नोंदणीकाकांनी आयुष्यात एकदा तरी खोटे बोलायला हवे होते, असे आमच्या इमारतीत सगळे म्हणायचे. बेकरीवाला म्हणायचा, “एवढ्या जणांची लग्नं लावायला यांना सगळी नोकरी लागली, आणि मोडायला एक शब्द पुरला.” त्याच्या बायकोचे म्हणणे वेगळे होते. “साधं ‘आठवत नाही’ म्हणायचं की! कोर्टात गेल्यावर भल्याभल्यांना काही आठवत नसतं. यांनाच बरी तेवढी आठवण राहिली!” तळमजल्यावरची शिवणवाली या बोलण्यात कधी पडली नाही. कोणी काकांचा विषय काढला की ती मशीनचे चाक जरा जोरात फिरवायची.

काका विवाह नोंदणी कार्यालयात अधिकारी होते. अधिकारी म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते त्यातले त्यांच्याजवळ काही नव्हते. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा सदरा, आणि समोरच्याचे बोलणे संपल्यावरही क्षणभर थांबून मग उत्तर द्यायची सवय. जिन्यात कोणी ओझे घेऊन चढत असले तर ते भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि माणूस वर पोहोचेपर्यंत हलायचे नाहीत. काकू म्हणायच्या, “जन्माला येताना सुद्धा यांनी आधी ‘येऊ का’ म्हणून विचारलं असेल.”

त्यांच्या कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर एक लांब, अरुंद व्हरांडा होता. त्याच्या एका बाजूला विवाहाची खोली, आणि बरोबर तिच्यासमोर मृत्यूंची नोंद करण्याची खिडकी. ही रचना कोणी मुद्दाम केलेली नव्हती. जागा मिळत गेली तशी टेबले पडत गेली होती. पण तिच्यामुळे रोज असे व्हायचे, की आत एखादी नवरी सही करत असायची आणि उघड्या दारातून तिला दिसायची ती बापाच्या, नवऱ्याच्या, लेकराच्या मृत्यूची नोंद करायला आलेल्यांची रांग. रांगेतल्यांनाही ती दिसायची.

एकदा आत एका जोडप्याचे मित्र टाळ्या वाजवत होते. बाहेर रांगेत एक तरुण माणूस होता. त्याच्या हातात तान्ह्या मुलाच्या कपड्यांची पिशवी होती. दवाखान्यातून परस्पर आला असावा. तो त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत राहिला. रागाने नव्हे, नुसताच. काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दार लोटून घेतले. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नाच्या वेळी ते स्वतः उठून दार लावू लागले. शिपाई बाहेर स्टुलावर बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, “आत चालू आहे, थांबा.”

नियम नेमका उलट होता. विवाहविधी दार उघडे ठेवून, कोणालाही आत येऊन हरकत घेता येईल अशा रीतीने व्हावा, असे कायद्यात स्वच्छ लिहिलेले होते, आणि काकांना ते पाठ होते. पण हरकत घ्यायला कधी कोणी आले नव्हते. रांग मात्र रोज यायची. त्या दोहोंत त्यांनी रांगेचा विचार केला. पुष्कळ वर्षे कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट लग्नाला आलेले लोक म्हणायचे, बरे झाले, दार लावले. बाहेर फार आवाज आहे.

मग दोन सावत्र भावांचे एका दुकानावरून भांडण झाले. थोरल्याच्या वकिलाला दाखवायचे होते, की बापाचे दुसरे लग्न मुळात झालेच नाही. ते लग्न काकांच्या खोलीत लागले होते, म्हणून काकांना साक्षीला बोलावले. वकिलाने इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर, जाता जाता विचारल्यासारखे विचारले, “विधीच्या वेळी दार उघडं होतं ना?”

काका नेहमीसारखे थांबले. “नव्हतं.”

“त्या दिवशी?”

“कधीच नसायचं.”

त्या उत्तराने वकील स्वतःच दचकला होता, असे नंतर ऐकले. निकाल लागला तेव्हा ते एक लग्न पडले, आणि त्याच्या धक्क्याने त्या खोलीत त्या काळात लागलेली सगळीच पडली.

पहिल्या आठवड्यात लोकांनी ते हसण्यावारी नेले. बेकरीवाला आणि त्याची बायको त्याच खोलीतले. तिने त्याला सर्वांसमक्ष सांगितले, “आता तू या घरात पाहुणा. पाहुण्यासारखा वाग. चहा झाला की कप धुऊन ठेव.” तो म्हणाला, “पाहुण्याला कोणी कप धुवायला लावतं का?” ती म्हणाली, “मग उद्या निघा.” पण पुढे हसू ओसरले. कोणाच्या मुलाच्या शाळेने बापाचे नाव विचारले, कोणा विधवेचे निवृत्तिवेतन अडकले, कोणाच्या दिराला अचानक वहिनी परकी वाटू लागली. काकांना घरी बसवण्यात आले. रस्त्यात लोक त्यांना पाहून पलीकडच्या बाजूला जाऊ लागले. कोणीतरी त्यांना ‘दारकाका’ म्हटले आणि ते नाव चिकटले.

त्याच दिवसांत त्यांनी आपल्या घराचे दार उघडे ठेवायला सुरुवात केली. थंडी असो, धूळ असो, काका समोरच्या खुर्चीत बसलेले आणि दार सताड उघडे. काकू जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, “गल्लीतली झाडून सगळी मांजरं आमच्याकडे माहेरपणाला यायला लागलीत. आणि हे त्यांना ‘या’ म्हणतात.”

आता शिवणवालीविषयी सांगायला हवे. ती लहान वयात विधवा झालेली. तळमजल्यावरची तिची खोली तिच्या दिराच्या मालकीची होती, आणि ही गोष्ट तो तिला विसरू देत नसे. तिला एकच मुलगी. आईच्या मशीनजवळ चिंध्यांच्या ढिगात वाढलेली, हसरी. पायांत काहीही न घालता जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायची. काकांनी तिला कैकदा रागावून पाहिले होते आणि दर वेळी स्वतःच हसले होते. चुलत्याने तिचे लग्न वखारवाल्याशी ठरवले. वखारवाला चुलत्याच्या धंद्यातला. मुलीला विचारले गेले की नाही, हे कोणी विचारले नाही. लग्न काकांच्याच खोलीत लागले. त्यानंतर ती इमारतीत फारशी दिसली नाही. दिसली तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घातलेली दिसली, उन्हाळ्यातसुद्धा. घटस्फोट वखारवाला देत नव्हता. “माझ्या घरातून वस्तू बाहेर जात नाही,” असे त्याने शिवणवालीला तोंडावर सांगितले होते.

निकालानंतर एका दुपारी ती एक पिशवी घेऊन परत आली. कोणाच्या परवानगीची तिला गरज उरली नव्हती. ती कोणाची बायकोच नव्हती. आठ-पंधरा दिवसांत तिने आईशेजारी दुसरे मशीन मांडले. तिचे हसणे पुन्हा जिन्यापर्यंत ऐकू येऊ लागले. सगळे शहर काकांना शिव्या घालत असताना ती एकटी त्यांच्यासाठी सदरा शिवून वर घेऊन गेली.

“काका, लोकांचं मनावर घेऊ नका. तुमचं दार बंद होतं म्हणून मी सुटले.”

काकांनी सदरा हातात घेतला, उलगडला, खांद्यांना लावून पाहिला आणि घडी घालून परत दिला. “मापात नाही,” ते म्हणाले.

तो सदरा मापात होता. काकूंनी तो तसाच कपाटात ठेवून दिला. माणूस सदऱ्याला का घाबरतो, हे तेव्हा त्यांनाही कळले नाही.

इतक्या संसारांचा प्रश्न असा लोंबकळत ठेवणे सरकारला परवडण्यासारखे नव्हते. अधिवेशनात विधेयक आले आणि एका बैठकीत, विरोधी बाकांवरूनही टाळ्या पडून, मंजूर झाले. सलूनमध्ये न्हाव्याने वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला: सदर विवाहांच्या वेळी विधिकक्षाचे दार उघडे होते असे मानण्यात येईल, आणि ते सदैव तसेच होते असे समजण्यात येईल; तसेच त्याबाबत कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई करता येणार नाही.

“म्हणजे दार उघडं होतं?” अर्धी दाढी झालेल्या बेकरीवाल्याने विचारले.

“होतं असं मानायचं.”

“आणि ज्याने लावलं तो?”

“त्याने लावलं नाही असं मानायचं.”

“चला,” बेकरीवाला म्हणाला, “माझं कप धुणं सुटलं.”

त्या दिवशी शहराचा जीव भांड्यात पडला. मुले पुन्हा बापाची झाली, विधवा पुन्हा विधवा झाल्या. काकांना कामावर परत घेतले, आणि काही महिन्यांत ते रीतसर निवृत्तही झाले. रस्ता ओलांडून पलीकडे जाणारे लोक आता रस्ता ओलांडून भेटायला येऊ लागले. बेकरीवालीने गरम पाव आणून दिला. “काका, झालं गेलं विसरा. सरकारनेच तुमची चूक पोटात घातली, आम्ही कोण लागून गेलो?”

काकांनी पाव घेतला, आभार मानले आणि दार उघडेच ठेवले.

शिवणवालीला ही बातमी चुलत्याने, म्हणजे तिच्या दिराने, दारात उभे राहून दिली. “वहिनी, पोरीचं सामान बांधा. कायदा झालाय. ती वखारवाल्याची बायको आहे, आणि मधल्या काळातही होती.”

“कसला कायदा?”

“दार उघडं होतं असा.”

शिवणवाली आयुष्यात दिराला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, आणि ते दोन मजले ऐकू गेले. “उघडं होतं? मग मी काय भिंतीसमोर उभी होते? तुम्ही मला दुपारची वेळ सांगितलीत आणि लग्न सकाळी उरकलंत. मी धावत गेले तर शिपाई म्हणाला, आत चालू आहे, थांबा. मयतांच्या रांगेत उभी केली मला, माझ्या लेकीच्या लग्नात! दार उघडं असतं तर मी ओरडले असते. तुमची खोली गेली खड्ड्यात म्हणून ओरडले असते!”

वर खुर्चीत बसलेल्या काकांनी हे ऐकले. हरकत घ्यायला कधी कोणी आले नव्हते, असे ते इतकी वर्षे समजत होते. कोणीतरी आले होते. ते दाराबाहेर थांबले होते.

वखारवाल्याने बायको परत मिळावी म्हणून दावा लावला. मुलीने एक तरुण वकीलबाई गाठली. वकीलबाईने नवा कायदा वाचला आणि सरळ सांगितले, की दाराचा मुद्दा संपला. त्यावर आता कोणतेही कोर्ट ऐकणार नाही. पण कायद्याने दुरुस्त केले आहे ते फक्त दार. लग्नाला मुलीची संमती होती की नव्हती, याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही. वधूला अधिकाऱ्याने प्रश्न विचारायचा असतो आणि तिने स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हणायचे असते. ते झाले होते का? तेव्हा खोलीत चुलता होता, वखारवाला होता, त्याचे दोन मित्र साक्षीदार म्हणून होते. त्यांतला कोणी खरे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. उरले काका. आणि काकांनी स्वतःच्या अक्षरात नोंद केली होती, की वधूने संमतीचा स्पष्ट उच्चार केला.

मुलगी वर आली तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. पुढचे सगळे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. ती उंबऱ्याशी थांबली. दार उघडेच होते, तरी आत आली नाही.

“काका, त्या दिवशी तुम्ही मला प्रश्न विचारलात. मी काय म्हणाले होते, आठवतं?”

काका थांबले. काकू म्हणतात, की संसारात इतके लांबलेले थांबणे त्यांनी पाहिले नव्हते.

“काहीच म्हणाली नव्हतीस,” ते म्हणाले.

मुलगी तिथेच उंबऱ्यावर बसली. “मला वाटायला लागलं होतं, म्हणाले असेन. सगळे तेच सांगतात. कागदावरही तेच आहे. रोज ऐकून ऐकून मला माझाच आवाज आठवायला लागला होता, ‘हो’ म्हणतानाचा.”

“तू दाराकडे बघितलंस. मी प्रश्न पुन्हा विचारला. तू पुन्हा दाराकडे बघितलंस. तुझा चुलता म्हणाला, लाजते आहे साहेब, लिहा.”

“आणि?”

“पुष्कळ मुली लाजतात. मान हलली की मी लिहायचो. तुझी मानही हलली नव्हती.” काका खाली बघत म्हणाले. “पुढचं जोडपं बाहेर ताटकळलं होतं.”

“कोर्टात सांगाल?”

काकूंच्या हातातली भाजी खाली पडली. “ए पोरी, थांब. त्यांनी सांगितलं तर त्यांच्यावर खोटी नोंद केल्याचा खटला होईल. कायद्याने वाचवलंय ते दार लावल्याबद्दल. याबद्दल कोणी वाचवणार नाही. या वयात मी त्यांना डबा घेऊन कुठे भेटायला जाऊ?”

मुलीने काकूंची सांडलेली भाजी गोळा करून सुपात टाकली आणि खाली निघून गेली. त्या संध्याकाळी तिचे मशीन चालू नव्हते.

काकू नवऱ्याशी चार दिवस भांडल्या. त्यांचे मुद्दे कमी नव्हते. तुम्ही एकट्यानेच सगळ्या जगाची चूक निस्तरणार का? चुलत्याने ढकलले, वखारवाल्याने नेले, आईने वेळेवर तोंड उघडले नाही, आणि फासावर चढायचे तुम्ही? काका ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, “दार मी दुसऱ्यांच्या दुःखासाठी लावत होतो, असं मला वाटायचं. ते खरंही होतं. पण एकदा बंद दाराच्या आत बसायची सवय झाली, की माणूस आत काय काय चालवून घेतो, ते मी बघितलं नाही.” काकू म्हणाल्या, “हे असलं बोलणं मला कळत नाही.” पण कळले असावे. कारण पाचव्या दिवशी त्यांनी झाडू टाकून दिला आणि म्हणाल्या,

“तुम्ही हे दार उघडं टाकून बसता ना, ते मला सहन होत नाही. थंडी येते, मांजरं येतात, येणारी-जाणारी माणसं आत डोकावतात. तेव्हा काय ते एकदाचं तिथे जाऊन बोला, आणि घरी येऊन दार लावा.”

साक्षीच्या दिवशी त्यांनी कपाटातून तो सदरा काढून दिला. काकांनी तो घेतला नाही. “आज नको. आज तो माझा नाही,” म्हणाले आणि आपला जुनाच घालून गेले.

कोर्टाची खोली भरली होती. इमारतीतले बहुतेक सगळे आले होते. काही काळजीने, काही नुसते बघायला. बेकरीवाली मागच्या बाकावरून कुजबुजली, “देवा, यांना आज तरी काही आठवू नको देऊ.” शिवणवाली पहिल्या बाकावर होती. तिची मुलगी उभीच होती; कोणी बस म्हटले तरी बसली नाही. वखारवाला समोर, चुलत्याशेजारी, हातांची घडी घालून बसला होता. वकीलबाईने साक्षीसाठी काकांचे नाव घेतले तेव्हा तो किंचित हसला. कायदा त्याच्या बाजूने होता आणि काकांचे अक्षरही.

वकीलबाईने प्रश्न विचारण्यापूर्वीच वखारवाल्याचा वकील हरकत घेत उठला. वयस्कर, मुरलेला माणूस होता. आवाजात गोडवा ठेवून तो काकांना म्हणाला, “साहेब, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. तुम्ही मागे या कोर्टात एक शब्द बोललात आणि केवढा अनर्थ झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. सरकारने मोठ्या मनाने ते निस्तरलं. तुमची नोकरी राहिली, निवृत्तिवेतन राहिलं, नाव राहिलं. दार उघडं होतं, हे आता कायदा म्हणतो. मग आता आणखी काय उकरून काढायला उभे राहिलात?”

न्यायाधीशांनी काकांकडे पाहिले आणि उत्तर द्यायचे असेल तर द्या, असे सांगितले. काका थांबले. मुलीने या वेळी दाराकडे पाहिले नाही. ती काकांकडे बघत होती.

“दार उघडं होतं असं सरकारचं म्हणणं असेल, तर असू दे,” काका म्हणाले. “ती ‘हो’ म्हणाली नव्हती. ‘हो’ मी लिहिलं.”